बजऱ्याचं कपाट

“हलू नका” एवढे दोन शब्द मराठीत कानावर आले असते, तर कालिंदी हलली नसती. पण ते आले बंगालीत, आणि कलकत्त्यात येऊन दोन वर्षं होऊनही कालिंदी रिसबूडचं बंगाली भाजीवाल्याच्या पुढे सरकलं नव्हतं. त्यामुळे ती हलली, आणि पदर टर्रकन फाटला.

सियालदह स्टेशनाच्या अलीकडे, बाजाराच्या तोंडाशी, एक हातगाडी रस्त्यात आडवी अडकली होती. मागे ट्राम घंटा बडवत होती, पुढे माशांच्या टोपल्या घेऊन बायका खोळंबल्या होत्या. गाडीवर एक अजस्र जुनी तुळई होती. तिचं शेपूट पार रस्त्याच्या मध्यापर्यंत आलेलं, त्याला लाल चिंधी बांधलेली, आणि चिंधीशेजारी एक गंजका खिळा. कालिंदीच्या निळ्या साडीचा पदर त्या खिळ्यात होता.

“अगं बाई… दिवाळीची साडी,” ती स्वतःशीच म्हणाली.

तुळईचं टोक खांद्यावर तोलून धरलेल्या तरुणाने मान वळवली. उंच, सावळा, अंगात खाकी सदरा, केसांत लाकडाचा भुसा.

“आपण मराठी आहात?”

“साडी फाटली की माणूस आपल्याच भाषेत बोलतं,” कालिंदी म्हणाली. “हा खिळा आधी काढायला काय झालं होतं?”

“मी चेष्टा केली होती.”

“काय केली होती?”

“पुष्कळ चेष्टा केली,” तो कळवळून म्हणाला. “काल सबंध दुपार. निघालाच नाही.”

कालिंदीच्या जिभेवर चांगलं सणसणीत उत्तर आलं होतं. पण त्याच्या चेहऱ्यावर थट्टेचा मागमूस नव्हता. उलट शाळेत गणित चुकलेल्या मुलासारखा तो ओशाळला होता. आणि मग तिला एकदम आठवलं, शाळेतल्या बंगाली बाई आळशी मुलींच्या वहीवर लाल शाईने ‘आणखी चेष्टा कर’ असं लिहीत. बंगालीत चेष्टा म्हणजे प्रयत्न. हा बापडा प्रयत्नाबद्दल बोलत होता.

तिला हसू आलं. फाटलेला पदर हातात घेऊन भर रस्त्यात ती हसत सुटली.

“मी काही चुकीचं बोललो का?” त्याने विचारलं. “माझं मराठी घरचं आहे. बाजारात आणलं की असं होतं.”

त्याचं नाव श्यामकांत बेहेरे. आजोबा रत्नागिरीकडून संस्कृत शिकवायला म्हणून आले ते कलकत्त्याचेच झाले. वडील गेले होते. बराकपूरच्या घरात आई होती, आणि उभ्या कलकत्त्यात तो मराठी बोलायचा तो फक्त तिच्याशी. एका रंगाच्या कारखान्यातली बरी नोकरी सोडून तो पाडलेल्या घरांचं लाकूड घेत होता आणि त्यातून मोठमोठ्या वस्तू घडवत होता. भिंतीएवढी कपाटं, वीस माणसांची टेबलं… दुकानात मिळत नाहीत आणि दारातून आत जात नाहीत, अशा वस्तू.

“या तुळईचं काय करणार?” कालिंदीने विचारलं.

“ठरलं नाही. आधी तिचं काय होऊ शकतं ते बघावं लागतं.”

“आमच्या मराठी मंडळाचं पुस्तकांचं कपाट वाळवीने खाल्लंय. भिंतीएवढं कपाट करता का तुम्ही?”

“केवढ्या भिंतीएवढं?” त्याने विचारलं, आणि त्याचे डोळे असे काही चमकले, की कालिंदी पदराचं विसरूनच गेली. मागे ट्रामवाला अजून घंटा बडवत होता.

*

कालिंदीचे वडील गजाननराव रिसबूड केंद्र सरकारच्या हिशेब तपासणीच्या खात्यात होते, आणि ते खातं आपल्या माणसांना कुठेही मुरू देत नाही. अजमेर झालं, लखनौ झालं, मद्रास झालं, आता कलकत्ता. घरात मोठी अशी वस्तूच नव्हती. खाटा दुमडायच्या, टेबलाचे पाय निघायचे, उरलेला संसार ट्रंकांत मावायचा. मैत्रिणींच्या बाबतीतही कालिंदीने हेच धोरण ठेवलं होतं. फार जड होऊ द्यायच्या नाहीत. एम.ए. होऊन ती बालीगंजच्या मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवत होती, पण वर्गातल्या मुलींची नावं पाठ करायला मुद्दाम उशीर लावायची. येत्या चैत्रात पुन्हा बदली होणार, हे घरात सगळे धरूनच चालले होते. आपल्याला त्याचं काही वाटत नाही असं ती सांगायची. इतक्या वेळा सांगितल्यावर तिचं तिलाही ते खरं वाटू लागलं होतं.

मंडळाच्या दोन खोल्या बालीगंजमध्येच, एका घराच्या वरच्या मजल्यावर होत्या. पुस्तकांची जबाबदारी कालिंदीकडे होती, कारण दुसरं कुणी घ्यायला तयार नव्हतं. अध्यक्ष विनायकराव सबनीस तिथलेच जन्मलेले, साठी उलटलेले, तपकिरीच्या डबीशिवाय न बोलणारे. बेहेरे हे नाव ऐकून त्यांनी डबी मिटली.

“मास्तरांचा नातू? मग पुढे विचारायचं काय राहिलं? करू दे त्याला.”

लाकूड बघायला जायचं ठरलं ते बराकपूरला. तिथे घाटावर एक बजरा पडला होता. बजरा म्हणजे जमीनदारांची घरासारखी नाव. आत बसायची खोली, निजायची खोली, खिडक्यांना पडदे. सरकारने जमीनदाऱ्या काढून घेतल्या, मग नावेतून हिंडणार कोण? मालकाने ती मोडीत काढली आणि श्यामकांतने ती घेतली. रविवारी सकाळी गजाननराव आणि कालिंदी गाडीने बराकपूरला गेले. श्यामकांतची आई मामाकडे गेली होती, म्हणून त्याने घाटावरच्याच टपरीतून मातीच्या कुल्हडांत चहा आणवला.

बजरा चिखलात एका कुशीवर कलंडला होता. अर्ध्या फळ्या काढून झालेल्या. गजाननरावांनी सवयीने एका फळीवर बोटांनी टकटक केली, कान लावला, आणि पुन्हा केली.

“जुनं लाकूड टिकेल का हो?” त्यांनी विचारलं.

“नवीन लाकूड घरात आल्यावर वाकतं, फाटतं. याचं जे काय वाकायचं ते वाकून झालंय,” श्यामकांत म्हणाला. “आता ते आहे तसंच राहील. आपण फक्त ते आहे तसं घ्यायचं.”

“पण या तर सगळ्या बाकदार आहेत,” कालिंदी म्हणाली. “कपाट सरळ असतं.”

“सरळ करायला गेलं की फुटतात. म्हणून कपाटच मधे थोडं फुगीर करायचं. त्या पोटात नकाशांची मोठी पुस्तकं राहतील.” तो जरा थांबला. “आपल्या घरी कपाट कसं आहे?”

“आमच्याकडे कपाट नाहीच. ट्रंका आहेत.”

“कधी मोठं काही हवंसं वाटलं नाही आपल्याला?”

“हवंसं वाटायच्या आत बदली येते,” ती हसून म्हणाली.

तो हसला नाही. तिच्याकडे बघत राहिला… जरासा जास्तच. गजाननराव नदीकडे तोंड करून चहा पीत होते. त्यांना ऐकू आलं की नाही, ते त्यांनाच ठाऊक.

*

पौषात फळ्या आल्या. जिन्याच्या वळणातून त्या वर जाईनात, तेव्हा व्हरांड्यातून दोरखंड सोडून वर ओढल्या. गल्लीतल्या बाया गॅलऱ्यांतून तमाशा बघायला उभ्या राहिल्या आणि प्रत्येक फळी वर पोचली की टाळ्या वाजवायच्या. कपाट घडवायचं ते त्या खोलीतच, कारण एकदा जोडलं की ते पुन्हा कुठल्याच दारातून बाहेर पडणार नव्हतं. श्यामकांत आणि त्याचा म्हातारा सुतार हारान मिस्त्री सकाळीच येत. शाळा सुटली की कालिंदी येई, पुस्तकांवरची धूळ झटकत एका कोपऱ्यात बसे… आणि हळूहळू कोपरा सोडून फळ्यांशी येऊन बसे.

जुन्या लाकडात खिळे दडलेले असतात. रंध्याचं पातं त्यावर गेलं की पात्याचं वाटोळं. म्हणून आधी तळहात फिरवून बघायचं, हे त्याने तिला शिकवलं.

“डोळे मिटून बघा. डोळ्यांना जे दिसत नाही ते हाताला कळतं.”

ती डोळे मिटून फळीवरून हात फिरवायची. मधेच डोळे उघडले तर तो फळीकडे बघत नसायचा. मग दोघंही भलतीकडे बघायची, आणि हारान मिस्त्री आपला चष्मा पुसायचा.

“श्यामकांतबाबू,” ती त्याला चिडवायची. बंगाली ढंगाने ‘बाबू’ लावायचं तिनेच काढलं होतं.

“काय आज्ञा आपली?”

“तुम्ही मला ‘आपण, आपण’ करता ना, तेव्हा मला वाटतं मी व्यासपीठावर बसलेय आणि आता हार घालणार.”

“मग काय म्हणू?”

“ते माझं मी कसं सांगू? तुमचं तुम्ही शोधा.”

ती नुसती गंमत करत होती. त्याने मात्र ते मनावर घेतलं. दोन-तीन दिवस तो कामात चुकत होता. एकदा तर त्याने खुंटी उलटी ठोकली आणि हारान मिस्त्रीने त्याच्याकडे असं पाहिलं, की त्याने खाली मान घातली. आणि एका संध्याकाळी, मिस्त्री चहाला खाली गेलेला असताना, त्याने रंधा बाजूला ठेवला, हात सदऱ्याला पुसले, आणि भिंतीकडे बघत म्हणाला,

“मला एक विचारायचं होतं. बरेच दिवस… म्हणजे, राग येणार नसेल तर.”

“विचारा ना.”

“मी आपल्याला… ‘तुम्ही’ म्हटलं तर चालेल?”

कालिंदीला वाटलं होतं, काहीतरी मोठं येतंय. तिने श्वाससुद्धा रोखला होता. आणि आलं काय, तर हे.

“अहो, म्हणा की,” ती खळखळून हसली. “त्यात विचारायचं काय? सगळं मंडळ मला तुम्ही म्हणतं. वर्गणी मागायला येणारे हिशेबनीससुद्धा म्हणतात.”

त्याचा चेहरा कसा झाला ते तिने पाहिलं, पण त्याचा अर्थ तिला लागला नाही.

“हो,” तो म्हणाला. “बरोबर आहे.”

त्याने रंधा उचलला. लाकडाच्या लांब लांब झिलप्या निघून त्याच्या पायाशी पडत राहिल्या. दिवे लागेपर्यंत तो एक शब्द बोलला नाही, आणि निघताना म्हणाला, “येतो. आपण दार लावून घ्या.”

*

त्यानंतर हारान मिस्त्री एकटाच येऊ लागला. बाबूंना दुसरं काम आहे, एवढंच तो सांगायचा. कालिंदी पुस्तकं लावायची, काढायची, पुन्हा लावायची. आपण काय केलं हेच तिला कळत नव्हतं. चुकीचा शब्द असता तर तिने पकडला असता; चेष्टा तिने भर रस्त्यात पकडली होती. पण ‘तुम्ही’ या शब्दात पकडण्यासारखं काय होतं?

आणि मग गजाननरावांच्या बदलीचा हुकूम आला. नागपूर.

“अठरा वर्षांनी मराठी मुलुख,” कालिंदीची आई शारदाबाई म्हणाल्या, आणि देवापुढे साखर ठेवली. “बाजारात मराठीत भाव करायचा आता. आणि कालिंदीचंही तिथे बघता येईल. इथे बसून कुठली स्थळं येणार?”

कालिंदीने मान हलवली. दर वेळी हुकूम आला की माळ्यावरच्या ट्रंका खाली काढायची ती तिचीच हौस असायची. या वेळी ती खिडकीशी जाऊन बसली. खाली रस्त्यावर तिखट चुरमुरे विकणारा ओळखीचा झालमुडीवाला ओळखीच्याच सुरात ओरडत होता, आणि तिला रडू येत होतं. बदलीचं रडू नव्हतं ते. एक माणूस आपल्यावर रुसलाय, आपण गाव सोडून जाणार, आणि का रुसला हेसुद्धा आपल्याला कधी कळणार नाही, याचं होतं.

शाळेत लीना सेनगुप्ता नावाची तिची एक सहकारी होती. दोघी इंग्रजीत बोलत, मधेमधे लीना बंगाली घुसडे. दुपारच्या सुट्टीत कालिंदीने तिला सगळं सांगितलं. सांगताना तो प्रसंग विनोदी करून सांगितला, कारण तसा तो सोपा जात होता.

लीना हसली नाही. तिने हातातला कप खाली ठेवला.

“त्याने तुला ‘तुमि’ म्हणू का असं विचारलं?”

“तुमि नाही ग. तुम्ही. मराठीत ते साधं आहे. कुणालाही म्हणतात.”

“तुझ्या कानाला साधं. त्याच्या कानाला काय ऐकू आलं असेल?” लीनाने आवाज खाली आणला. “आमच्यात ‘आपनि’ म्हणजे परकं माणूस. ‘तुमि’ म्हणजे आपलं माणूस. तरुण मुलाने मुलीला ‘तुमि म्हणू का’ असं विचारलं, की मग पुढे विचारायचं काही उरत नाही. माझ्या भावाने हे विचारायला सबंध हिवाळा घालवला, आणि विचारून झाल्यावर तापाने पडला.” ती थांबली. “आणि तू काय उत्तर दिलंस?”

कालिंदीला ते उत्तर पुन्हा उच्चारवेना.

“सांग ना.”

“म्हटलं… वर्गणी मागायला येणारेसुद्धा म्हणतात.”

लीनाने कपाळावर हात मारून घेतला.

तास सुरू झाल्याची घंटा झाली, मुली वर्गात गेल्या, आणि कालिंदी खडू हातात घेऊन फळ्यासमोर नुसती उभी राहिली. आईखेरीज कुणाशीच मराठी न बोललेला माणूस. कुठल्या तरुण मुलीशी आपल्या भाषेत बोलायची त्याच्यावर आयुष्यात वेळच आली नव्हती. घरचं मराठी घेऊन तो बिचारा बाहेर आला, जिवाचा धडा करून त्याने विचारलं, आणि आपण हसलो. तेही खळखळून.

*

दुपारपासून आभाळ तांबूस झालं होतं. शाळा सुटताना वारा पडला, झाडाचं पान हलेना, आणि बालीगंजच्या त्या गल्लीच्या तोंडाशी कालिंदी पोचते न पोचते तोच कालबैशाखी सुटली. चैत्राच्या सुमाराला कलकत्त्यावर कोसळणारं हे वादळ आधी धूळ फेकतं आणि मग पाणी. पदर डोक्यावर धरून ती जिना चढली. खिडक्या धडाधड आपटत होत्या, आणि खोलीत हारान मिस्त्री नव्हता. कपाट भिजेल म्हणून धावून आलेला श्यामकांत एकटाच खिडक्या लावत होता.

“आपण? या वादळात?”

कालिंदीने एका खिडकीची कडी लावली. केसांत धूळ, दम लागलेला.

“मला बंगाली येत नाही,” ती म्हणाली.

“ते मला माहीत आहे.”

“नाही. किती येत नाही, ते तुम्हाला माहीत नाही. मला तरी कुठे माहीत होतं.” तिने श्वास घेतला. “त्या दिवशी तुम्ही मला मराठीत विचारलंत, असं मला वाटलं.”

बाहेर कुठेतरी पत्रा उडाल्याचा आवाज आला.

“मराठीतच विचारलं होतं,” तो अखेर म्हणाला. “बहुतेक.”

“आज मला लीनाने अर्थ सांगितला. मी हसायला नको होतं. अर्थ कळला असता तर… हसले नसते.”

“मग काय केलं असतंत आपण?”

“पुन्हा आपण?”

“परवानगी नव्हती.”

“होती. पण ती भलत्याच गोष्टीला दिली गेली.” तिचे कान तापले होते, तरी ती बोलत राहिली, थांबली असती तर पुन्हा बोललीच नसती. “आमच्यात तुम्ही म्हणजे लांबचं. जवळच्या माणसाला तू म्हणतात.”

“तू?” तो दचकलाच. “तुइ? छे, ते आम्ही लहान पोरांना म्हणतो. नाहीतर वर्गातल्या दोस्ताला. आपल्याला मी कसं—”

“तुइ नाही हो. तू. मागची ती ‘इ’ काढा बघू.”

त्याने ओठ हलवले, पण आवाज निघाला नाही. ती हसली, आणि या वेळी तोही हसला. पाऊस आता झडीने येत होता. खिडकीच्या फटीतून बारीक तुषार आत येऊन नव्या कपाटाच्या जुन्या लाकडावर बसत होते, आणि ओल्या लाकडाला मंद, नदीचाच वास येत होता.

“बाबांची बदली झालीय,” ती म्हणाली. “नागपूरला.”

“विनायकरावांनी सांगितलं. म्हणूनच मी इकडे येत नव्हतो.”

“हसले म्हणून नाही?”

“आधी, हसलीस म्हणून. मग बदली म्हणून.”

हसलीस. त्याला कळलंही नव्हतं. विचारून, ठरवून जे त्याच्या तोंडातून निघत नव्हतं, ते क्रियापदाच्या शेपटीला लपून आपोआप बाहेर आलं होतं. कालिंदीला वाटलं, इतक्या गावांतून इतक्या लोकांनी आपल्याला हाक मारली, पण अशी कुणी मारली नव्हती. तिचे डोळे भरून आले, आणि ते तिने पुसलेही नाहीत.

“मला जायचं नाही,” ती म्हणाली. “आजवर कुठल्याच गावात मी हे म्हटलं नव्हतं. मला इथून जायचं नाही.”

“बराकपूरला छोटंसं घर आहे,” तो हळूच म्हणाला. “आई आहे. अंगणभर लाकडं पडलेली असतात. कधी कधी त्यांत सापसुद्धा निघतो.”

“हे तुम्ही मला घाबरवताय की बोलावताय?”

“बोलवायची चेष्टा करतोय,” तो म्हणाला.

या वेळी तिला भाषांतर करावं लागलं नाही.

*

बाबांना मी सांगते, असं ती मोठ्या तोऱ्यात म्हणाली होती. घरी आल्यावर जीभ उचलेना. ट्रंका खाली आल्या होत्या, शारदाबाई नागपूरच्या बहिणीला काय काय न्यायचं ते आठवत होत्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर अठरा वर्षांत न दिसलेला आनंद होता. त्या आनंदात आपण कुठल्या तोंडाने खडा टाकायचा? रोज ती गजाननरावांच्या खुर्चीपर्यंत जाई आणि चष्मा कुठे आहे असं काहीतरी विचारून परत फिरे.

पाडव्याला मंडळात गुढी उभारली, आणि त्याच दिवशी कपाटही पुरं व्हायचं होतं. सगळी मराठी मंडळी जमली. श्रीखंडाला चक्का मिळाला नव्हता, म्हणून मिष्टी दोई हे बंगाली गोड दहीच फडक्यात टांगून त्याचं श्रीखंड केलं होतं, आणि विनायकराव ते पुण्यातल्यापेक्षा कसं सरस आहे हे पटवून देत होते. भिंतभर उभं राहिलेलं कपाट बघून मात्र सगळे गप्प होत. मधे किंचित फुगीर, काळसर लाल, कुठे जुन्या खिळ्याचं भोक बुजवलेलं. त्याला हात लावल्याशिवाय कुणाला पुढे जाववत नव्हतं.

एकच गोष्ट उरली होती. वरची लांब कड सगळ्यांसमोर बसवायची, म्हणून श्यामकांतने ती मुद्दाम ठेवली होती. धुतलेलं धोतर, नवा सदरा, हातात हातोडी, खिशात दोन लाकडी खुंट्या, असा तो स्टुलावर चढला. एक टोक त्याने बसवलं. दुसरं टोक हवेत हिंदकळू लागलं. हिवाळाभर ते टोक ज्या हातांनी धरलं होतं, त्या हातांकडे त्याने न बघताच म्हटलं,

“कालिंदी, तू ते टोक धर जरा.”

खोलीत एकदम शांतता झाली.

मराठी माणसाच्या कानातून पुष्कळ काही निसटतं, पण हे निसटत नाही. लग्नाच्या मुलीला परक्या तरुणाने चारचौघांत तू म्हणायचं, आणि तेही इतकं सहज, रोजची सवय असल्यासारखं? शारदाबाईंच्या हातातला डाव श्रीखंडाच्या भांड्यातच राहिला. विनायकरावांनी डबी उघडली आणि तपकीर न घेताच मिटली. श्यामकांतला मात्र काही पत्ता नव्हता. शांतता कपाटासाठी आहे असंच त्याला वाटत होतं.

कालिंदी सारवासारव करू शकली असती. नुसतं रागावून ‘अहो बेहेरे’ म्हटलं असतं, तरी लोकांनी हसून सोडून दिलं असतं. ही आधीच्या गावांतली कालिंदी असती, तर तिने तेच केलं असतं. पण तिला वाटलं, जे वाक्य मला आठवडाभर बोलवत नव्हतं, ते हा भोळा माणूस बोलूनसुद्धा गेला. आता ते खोटं पाडायचं नाही. तिने पदर खोचला, सगळ्यांच्या नजरांमधून चालत गेली आणि फळीचं टोक दोन्ही हातांनी धरलं.

“धरलंय, अहो,” ती म्हणाली. “ठोका तुम्ही.”

श्यामकांतबाबू नाही, बेहेरे नाही, नुसतं अहो. हिवाळाभर सगळ्यांनी जे नाव तिच्या तोंडून ऐकलं होतं, ते आज गळून पडलं होतं. जिचं लग्न झालंय अशा प्रत्येक बाईला त्याचा अर्थ कळला. शारदाबाई भांड्याशीच खाली बसल्या. नागपूर त्यांना मिळालं होतं. पण तिथे आता मुलीशिवाय जायचं होतं. त्यांनी पदर डोळ्यांना लावला, मग तोच पदर सावरून त्या पोरीकडे बघत राहिल्या. अशी ताठ उभी राहिलेली ती त्यांनी कधी पाहिली नव्हती.

गजाननराव उठले. कोट काढून त्यांनी खुर्चीवर ठेवला, चष्मा खिशात घातला, आणि सावकाश पुढे आले.

“मधे झोल येतोय,” ते म्हणाले, आणि त्यांनी फळी मधोमध धरली. “हं, ठोका आता.”

एक खुंटी बसली. कालिंदी बापाकडे बघत नव्हती. तिने फळी किती घट्ट धरलीय ते फळीतून त्यांच्या हातांना कळत असणार, हे तिला ठाऊक होतं. दुसरी खुंटी बसली. कड भिंतीला अशी चिकटली, की मधून कागद जाऊ नये. तरीही गजाननरावांनी फळी सोडली नाही.

“बेहेरे,” ते वर न बघता म्हणाले, “तुमच्या मातोश्री रविवारी घरी असतात का?”

“असते ना,” श्यामकांत स्टुलावरून म्हणाला. “पण तिला या कपाटाबद्दल काहीच माहीत नाही.”

कुणीतरी मागे खुदकन हसलं. कालिंदीने फळीला कपाळ टेकवलं. तिला हसू येत होतं आणि रडूही, आणि दोन्ही आवरत नव्हतं.

“कपाटाबद्दल नाही हो विचारत ते,” ती म्हणाली.